मौन नावाचे बेट

ब्युनॉस आयर्सच्या उत्तरेला टिग्रे नावाचे गाव आहे. पाराना नदी तिथे असंख्य फाट्यांमध्ये विभागते आणि त्या फाट्यांच्या जाळ्यात लहानमोठी शेकडो बेटे आहेत. शहरातली माणसे सुट्टीच्या दिवशी होडीने इकडे येतात, मासे धरतात, झाडाखाली दुपार काढतात. आरोल्दो कोन्ती या कादंबरीकाराने १९६२ मध्ये याच पाणथळ प्रदेशावर ‘सुदेस्ते’ नावाची कादंबरी लिहिली. यातल्या एका बेटावरच्या मालमत्तेचे नाव होते ‘एल सिलेन्सिओ’. अर्थ साधा आहे : मौन, शांतता.

सप्टेंबर १९७९ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाने आपल्या ताब्यातले काही कैदी या बेटावर आणून ठेवले. त्यांचे डोळे झाकलेले होते, हातापायांत बेड्या होत्या. त्यांना इथे आणण्याचे कारण विचित्र होते. शहरात पाहुणे येणार होते, आणि ते पाहुणे तुरुंग पाहायला मागणार होते. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाचे सदस्य ६ सप्टेंबरला ब्युनॉस आयर्समध्ये उतरले आणि २० तारखेपर्यंत देशात राहिले. ज्यांच्यासाठी ते आले होते ती माणसे त्या काळात शहराबाहेर, ‘मौन’ नावाच्या जागी होती.

एवढ्यावरूनच निकाल द्यायचा तर ही भेट फसली असे म्हणावे लागेल. बेटावरचा एकही माणूस आयोगाला सापडला नाही. तरीही अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीचा इतिहास लिहिणाऱ्यांना या पंधरा दिवसांपाशी थांबावेच लागते. आंतरराष्ट्रीय दडपणाने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

जिवंत नाही, मृतही नाही

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनाच्या तिन्ही सैन्यदलांनी इसाबेल पेरॉन यांचे सरकार उलथवले आणि लष्करप्रमुख होर्हे राफाएल विदेला राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधीची काही वर्षे देशात सशस्त्र डावे गट आणि उजव्या टोळ्या यांचा हिंसाचार चालू होताच. त्याचा बंदोबस्त करतो असे सांगून लष्कर सत्तेवर आले. शेजारच्या चिलीमध्ये १९७३ साली पिनोशेने कैद्यांना मैदानात कोंडले, ती छायाचित्रे जगभर गेली आणि चिलीची नाचक्की झाली. अर्जेंटिनाच्या सेनाधिकाऱ्यांनी त्यातून धडा घेतला. त्यांनी ठरवले की कैदी दिसताच कामा नये.

पद्धत ठरलेली होती. साध्या वेशातली माणसे, नंबरपट्टी नसलेली गाडी, बहुधा रात्रीची वेळ. उचललेल्या माणसाची कुठल्याही ठाण्यात नोंद होत नसे. त्याला गुप्त छळकेंद्रात नेत. पुढे मोजली गेली तेव्हा अशी सुमारे ३४० केंद्रे निघाली. त्यातले सर्वांत कुप्रसिद्ध केंद्र राजधानीतच, मोठ्या रहदारीच्या रस्त्यावर होते : नौदलाची यांत्रिकी शाळा, तिच्या स्पॅनिश आद्याक्षरांवरून ‘एस्मा’. तिथल्या अधिकाऱ्यांच्या निवासाच्या तळघरात छळ होई आणि वरच्या पोटमाळ्यावर कैद्यांना डोके झाकून जमिनीवर पाडून ठेवलेले असे. मधल्या मजल्यांवर अधिकारी राहत, झोपत. एस्मातून सुमारे पाच हजार माणसे गेली असे मानले जाते. त्यातली फार थोडी वाचली. बाकीच्यांपैकी अनेकांना गुंगीचे औषध टोचून विमानातून समुद्रात आणि ला प्लाता नदीच्या विस्तीर्ण मुखात फेकण्यात आले.

नातेवाईक कोर्टात जात, हेबियस कॉर्पसचे अर्ज करीत. इथे मराठी वाचकाला आपल्याकडचा २८ एप्रिल १९७६ हा दिवस आठवेल. अर्जेंटिनातल्या उठावाला जेमतेम पाच आठवडे झाले होते. त्या दिवशी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात निर्णय दिला की आणीबाणीत स्थानबद्धाला अशी दाद मागता येणार नाही, न्या. एच. आर. खन्ना तेवढे एकटे विरोधात उभे राहिले. दोन्हीकडे अर्ज फेटाळलेच गेले, पण फरक लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे सरकारचे म्हणणे असे होते की माणूस आमच्या ताब्यात आहे, पण तुम्ही विचारू शकत नाही. अर्जेंटिनाचे सरकार म्हणे, जरूर विचारा. पण असा माणूस आमच्याकडे नाही. न्यायाधीश हे उत्तर नोंदवून घेत आणि अर्ज निकाली काढत. जो ताब्यातच नाही त्याची सुटका कशी करणार?

डिसेंबर १९७९ मध्ये एका पत्रकार परिषदेत विदेला यांनी हे तर्कशास्त्र स्वतःच मांडले. बेपत्ता माणूस हे एक कोडे आहे, तो ना जिवंत ना मृत, तो नुसता बेपत्ता आहे, अशा आशयाचे ते बोलले. सत्तेचा सगळा डोलारा या एका शब्दावर उभा होता. प्रेत नाही, म्हणून खून नाही. कैदी नाही, म्हणून छळ नाही. नोंद नाही, म्हणून प्रश्नच नाही.

या मौनाला पहिला तडा देणाऱ्या बायका होत्या. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा जणी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. पुढे दर गुरुवारी त्या तिथे फेऱ्या घालू लागल्या. त्यांच्यातली पुढारी असुसेना वियाफ्लोर हिला त्याच वर्षी १० डिसेंबरला उचलण्यात आले. तिच्या दोन मैत्रिणी आणि दोन फ्रेंच जोगिणीही त्याच आठवड्यात नाहीशा झाल्या. तो दिवस जागतिक मानवी हक्क दिन होता.

पाहुण्यांना बोलावणे कसे गेले

बाहेरचे जग गप्प होते असे नाही. पण ते एका सुरात बोलत नव्हते. जून १९७६ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी अर्जेंटिनाच्या परराष्ट्रमंत्र्यांना, जे करायचे ते लवकर उरका, असा सल्ला दिला होता. ती टिपणे आता खुली झाली आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचे तीन जणांचे पथक ब्युनॉस आयर्सला गेले. साध्या वेशातले पोलीस सतत त्यांच्या मागे होते. मार्च १९७७ मध्ये आलेल्या ॲम्नेस्टीच्या अहवालाने बेपत्ता माणसांची नावे पहिल्यांदा जगासमोर ठेवली.

जानेवारी १९७७ मध्ये जिमी कार्टर अध्यक्ष झाले आणि वॉशिंग्टनचा सूर बदलला. त्यांच्या सरकारमधल्या पॅट्रिशिया डेरियन यांनी ब्युनॉस आयर्समध्ये जाऊन अधिकाऱ्यांना तोंडावर छळाबद्दल विचारले. तरी खरी मात्रा लागू पडली ती पैशाची. अर्जेंटिनाला एका जलविद्युत प्रकल्पासाठी अमेरिकी जनित्रे हवी होती, आणि १९७८ मध्ये अमेरिकी निर्यात-आयात बँकेचे त्यासाठीचे कर्ज अडवून धरण्यात आले. सप्टेंबर १९७८ मध्ये नव्या पोपच्या समारंभासाठी रोममध्ये जमलेल्या पाहुण्यांत अमेरिकेचे उपाध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल होते आणि विदेलाही होते. तिथे सौदा ठरला : कर्ज मोकळे होईल, अर्जेंटिना मानवी हक्क आयोगाला येऊ देईल.

हा आयोग म्हणजे अमेरिका खंडातल्या राष्ट्रांच्या संघटनेने १९५९ मध्ये स्थापलेली सात सदस्यांची समिती. तिला पोलीस नाहीत, सैन्य नाही, शिक्षा देण्याचा अधिकार नाही. खंडाच्या मानवी हक्क करारावर अर्जेंटिनाने तेव्हा शिक्कामोर्तबही केले नव्हते. यजमानाने दार उघडले तरच आत जाता येणार, आणि यजमानाला तयारीला भरपूर वेळ मिळणार, अशी ही भेट होती.

राजवटीने त्या वेळेचा पुरेपूर उपयोग केला. ऑगस्ट १९७९ मध्ये पोलिसांनी मानवी हक्क संघटनांच्या कचेऱ्यांवर छापे घालून कागदपत्रे उचलून नेली. मोटारींच्या काचांवर चिकटवायला कागदी पट्ट्या निघाल्या. त्यांवरच्या घोषणेत एक शाब्दिक कोटी होती. स्पॅनिशमध्ये ‘देरेचोस’ म्हणजे हक्क आणि सरळ माणसेही. ‘मानवी हक्क’ हे शब्द मधोमध तोडून ‘आम्ही अर्जेंटिनी सरळ आणि माणुसकीचे’ असे वाक्य केले होते. याच सप्टेंबरात एक कायदाही आला : बेपत्ता माणसाला ठरावीक मुदतीनंतर मृत समजावे. मृत्यू कसा झाला, कोणी केला, याची चौकशी नाही. फक्त फाइल बंद.

अव्हेनिदा दे मायोवरची रांग

आयोगाचे अध्यक्ष व्हेनेझुएलाचे आंद्रेस आगिलार होते. पथकाने विदेला आणि सेनाधिकाऱ्यांची भेट घेतली, माजी राष्ट्राध्यक्षांशी बोलणी केली, घरी नजरकैदेत असलेले संपादक हाकोबो तिमेरमान यांना गाठले, कोर्दोबा आणि तुकुमान इथे जाऊन आले. पण या भेटीतले सगळ्यात महत्त्वाचे काम एका साध्या कचेरीत झाले. अव्हेनिदा दे मायो या रस्त्यावर अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेची कचेरी होती. ज्याला तक्रार नोंदवायची असेल त्याने तिथे यावे, असे आयोगाने जाहीर केले.

७ सप्टेंबरला सकाळी तिथे रांग लागली आणि ती इमारतीला वळसा घालून पुढे गेली. योगायोग असा की त्याच दिवशी टोकियोमध्ये अर्जेंटिनाच्या तरुण संघाने सोव्हिएत संघाला ३-१ ने हरवून युवकांचा विश्वचषक जिंकला. संघात मॅराडोना होता. लोक रस्त्यावर उतरले. होसे मारिया मुन्योस या लोकप्रिय रेडिओ समालोचकाने श्रोत्यांना आवाहन केले की अव्हेनिदा दे मायोवर जा आणि आयोगाच्या सभासदांना खरा अर्जेंटिना दाखवा. झेंडे नाचवणारी पोरे त्या रस्त्याने गेली. रांगेतल्या बायका हातात मुलांचे फोटो घेऊन उभ्या राहिल्या. कुणी जागा सोडली तर पुन्हा शेवटी उभे राहावे लागले असते.

रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. तीन वर्षे या माणसांना शेजारी टाळत होते. ‘काहीतरी केलेच असेल त्याने’ हे वाक्य त्यांनी नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकले होते. आता ती माणसे भर दिवसा, राजधानीच्या मुख्य रस्त्यावर, पोलिसांच्या डोळ्यांदेखत उभी होती, आणि आपल्यासारखीच आणखी किती घरे आहेत हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होते. जो प्रकार प्रत्येक घराने आपले एकट्याचे दुर्दैव म्हणून सोसला होता, त्याला त्या रांगेत आकार आला.

आत टेबलापलीकडे कोणीतरी बसून नाव, तारीख, वेळ, पत्ता लिहून घेत होते. आयोगाकडे एकूण ५,५८० तक्रारी आल्या. त्यांपैकी १,२६१ आधीच आयोगाकडे दाखल असलेल्या प्रकरणांच्या होत्या, १६६ मानवी हक्कांच्या कक्षेबाहेरच्या होत्या आणि उरलेल्या ४,१५३ नव्या होत्या. ज्या माणसांची नोंद त्यांच्या स्वतःच्या देशात एकाही सरकारी वहीत नव्हती, त्यांची नोंद आता वॉशिंग्टनमधल्या एका कपाटात झाली.

जिना कुठे गेला?

एस्माबद्दल आयोगाला आधीच माहिती होती. होरासिओ माग्गिओ नावाचा कैदी मार्च १९७८ मध्ये तिथून निसटला होता. त्याने वृत्तसंस्थांना आणि वकिलातींना पत्रे लिहून आतली सगळी हकिगत कळवली. त्याच वर्षी त्याला गाठून मारण्यात आले; पण पत्रे पोचली होती. आतला जिना कुठे आहे, तळघरात कसे उतरतात, याचे वर्णन वाचलेल्या कैद्यांकडून बाहेर गेले होते.

म्हणून नौदलाने इमारतच बदलली. तळघरात जाणारा जिना काढून टाकला, लिफ्ट काढली, भिंती बदलल्या. उद्देश एकच : पाहणाऱ्याला वाटावे की साक्षीदार खोटे बोलत होते. उरलेल्या कैद्यांची रवानगी बेटावर झाली. बेटावरची ती जागा पूर्वी चर्चमधल्या वरिष्ठांच्या वर्तुळातली विश्रांतीची जागा होती. पत्रकार ओरासिओ वेर्बित्स्की यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ती नौदलाकडे कशी आली याचा माग काढला आहे. खरेदीखत एका कैद्याच्या नावाने, बनावट कागदपत्रांवर झाले होते. ज्या माणसाचे अस्तित्वच सरकार नाकारत होते, त्याच्या नावावर सरकारी माणसांनी जमीन विकत घेतली.

बेटावर नेलेल्यांमध्ये विक्तोर बास्तेरा होता. छापखान्यात काम करणारा, कामगार संघटनेतला हा माणूस. आयोग येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १० ऑगस्टला, त्याला पत्नी आणि तान्ह्या मुलीसह उचलले होते. पत्नीला आणि मुलीला पुढे सोडून दिले. छपाईची जाण असल्याने एस्मात त्याला खोटी ओळखपत्रे, पारपत्रे बनवण्याच्या कामाला जुंपले. आयोगाचे लोक एस्मात फिरत होते तेव्हा तो पाराना नदीच्या एका फाट्यावर होता. भेट संपल्यावर कैद्यांना परत आणण्यात आले. त्याच्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते.

अहवाल आणि गव्हाचे राजकारण

आयोगाचा अहवाल एप्रिल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. जीविताचा, स्वातंत्र्याचा, न्यायाचा हक्क पद्धतशीरपणे तुडवला गेला असून त्याला सरकारी अधिकारी आणि यंत्रणा जबाबदार आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. बेपत्ता माणसांचे काय झाले ते नातेवाइकांना सांगा आणि दोषींवर खटले भरा, अशी शिफारस होती. अर्जेंटिनात अहवालावर बंदी आली. एमिलिओ मिन्योने या वकिलांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रती चोरून देशात आणल्या आणि हातोहात वाटल्या. मिन्योने यांची मुलगी मोनिका मे १९७६ पासून बेपत्ता होती.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मात्र या अहवालाची झीज झाली. निंदेचा ठराव आला तर संघटना सोडू, अशी धमकी अर्जेंटिनाने दिली; नोव्हेंबर १९८० मधल्या सर्वसाधारण सभेत एक गुळमुळीत ठराव होऊन प्रकरण मिटले. जिनिव्हात तर वेगळाच खेळ होता. अफगाणिस्तानातल्या घुसखोरीमुळे अमेरिकेने सोव्हिएत संघाचे धान्य रोखले होते आणि ती तूट अर्जेंटिनाचा गहू-मका भरून काढत होता. कम्युनिस्टांना संपवायला निघालेल्या राजवटीची पाठराखण मॉस्को करत होते. हक्कांच्या भाषेवर गव्हाने मात केली. तरीही २९ फेब्रुवारी १९८० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यगट नेमला. देश कोणताही असो, एका विशिष्ट गुन्ह्याचा पाठपुरावा करणारी संयुक्त राष्ट्रांची ही पहिली यंत्रणा. अर्जेंटिनाचे नाव ठरावात नव्हते. पण कुणामुळे ती नेमली हे सर्वांना ठाऊक होते.

आयोगाच्या भेटीमुळे अपहरणे थांबली, असे सरळ म्हणता येत नाही. बहुतेक अपहरणे १९७६ आणि १९७७ मधली आहेत. १९७९ पर्यंत राजवटीने आपले काम जवळजवळ उरकले होते. पाहुणे उशिरा आले, हे कबूल केलेच पाहिजे.

साक्ष

१९८२ मध्ये फॉकलंड युद्धात हरल्यावर लष्करी राजवट कोसळली. डिसेंबर १९८३ मध्ये राऊल आल्फोन्सिन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी बेपत्ता व्यक्तींच्या चौकशीसाठी राष्ट्रीय आयोग नेमला. अध्यक्ष होते कादंबरीकार एर्नेस्तो साबातो. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात ८,९६० बेपत्ता माणसांची नोंद आहे. मानवी हक्क संघटना ३०,००० हा आकडा धरतात. साबातोंच्या आयोगाने वाचलेल्या कैद्यांना बरोबर घेऊन एस्माची पाहणी केली. इमारत बदललेली असली तरी त्यांनी जागा ओळखल्या. जिना काढून टाकल्याचे उघड झाले, आणि तो का काढला होता हेही.

इथे साहित्याच्या वाचकाने एका जेवणाची आठवण ठेवायला हवी. १९ मे १९७६ रोजी विदेला यांनी चार लेखकांना जेवायला बोलावले होते. त्यात होर्हे लुईस बोर्हेस होते आणि साबातोही होते. दोघांनीही बाहेर येऊन यजमानाबद्दल चांगले उद्गार काढले. त्या टेबलावर लिओनार्दो कास्तेयानी या पाद्री लेखकाने एका नावाची चौकशी केली. दोन आठवड्यांपूर्वी उचलून नेलेला त्यांचा जुना विद्यार्थी, पारानाच्या बेटांवर कादंबरी लिहिणारा आरोल्दो कोन्ती. कोन्ती कधीच परत आला नाही.

एप्रिल १९८५ मध्ये सेनाधिकाऱ्यांवर मुलकी न्यायालयात खटला उभा राहिला. आठशेहून अधिक साक्षीदार आले. २२ जुलैला साक्षीदाराच्या खुर्चीवर विक्तोर बास्तेरा होता. एस्मात खोटी ओळखपत्रे बनवताना त्याला अधिकाऱ्यांचे फोटो काढावे लागत. त्यांच्या जादा प्रती त्याने लपवल्या आणि, पुढे त्याला अधूनमधून घरी जाऊ देत तेव्हा, एकेक करून बाहेर आणल्या. त्यात एस्मातल्या कैद्यांचेही फोटो होते. कैदी होते, याचा पुरावा खुद्द कैद करणाऱ्यांच्या कॅमेऱ्याने दिला. त्या दिवशी श्रोत्यांमध्ये पंच्याऐंशी वर्षांचे, दृष्टी गेलेले बोर्हेस बसले होते. नऊ वर्षांपूर्वी ते विदेलांच्या टेबलावर होते. आता ते ऐकत होते, आणि ऐकलेले त्यांनी एका छोट्या लेखात लिहून ठेवले.

९ डिसेंबर १९८५ रोजी विदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप झाली. त्यानंतरही वाट सरळ नव्हती. खटले थांबवणारे कायदे आले, १९९० मध्ये विदेला यांना माफी मिळाली. त्या कायद्यांविरुद्ध १९९२ मध्ये मत नोंदवले ते याच आंतर-अमेरिकी आयोगाने; २००५ मध्ये अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले तेव्हा आंतर-अमेरिकी न्यायालयाच्या निर्णयांचा आधार घेतला. त्याच वर्षी असुसेना वियाफ्लोर हिची हाडे एका किनारी गावाच्या स्मशानात, बेवारस म्हणून पुरलेल्या प्रेतांमध्ये, ओळखली गेली. समुद्राने तिला परत दिले होते. विदेला २०१३ मध्ये तुरुंगातच वारले.

मग ५,५८० कागदांचे वजन किती? त्यांनी कुणाला बेटावरून सोडवले नाही. पण ‘असा माणूसच नाही’ या उत्तराला पहिला अधिकृत छेद त्यांनी दिला, आणि पुढे न्यायालयात लागला तो पुरावा अशा नोंदींनीच उभा केला. बाहेरच्या जगाचे काम टेबल मांडून बसण्याचे होते. रांगेत उभे राहण्याचे काम त्या देशातल्या माणसांनाच करावे लागले.

डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा करार संमत केला. त्याच्या मसुद्यामागे अर्जेंटिनातल्या आईबापांची तीस वर्षे आहेत. कोणालाही गुप्तपणे डांबून ठेवता येणार नाही, प्रत्येक कैद्याची नोंद झालीच पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. ६ फेब्रुवारी २००७ रोजी पॅरिसमध्ये करार सह्यांसाठी खुला झाला, त्याच दिवशी भारतानेही सही केली. शिक्कामोर्तब मात्र अजून केलेले नाही. छळाविरुद्धच्या करारावरची आपली सही तर १९९७ ची आहे, आणि तीही तशीच पडून आहे.